साठ लिटरची टाकी

नालानला सहसा कशाची किळस येत नसे. इझमीरच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं लोकांचं मलमूत्र काचपट्टीवर घेऊन तपासलं होतं आणि दुपारी त्याच इमारतीत बसून डबा खाल्ला होता. घाण ही तिच्या लेखी तपासायची, नाव लिहायची आणि बाटलीत बंद करायची गोष्ट होती. त्यामुळे प्रवासाच्या नवव्या दिवशी, ऊन डोंगराच्या अलीकडे यायच्या आत, बोटीच्या संडासातून टाकीची पितळी चावी फिरवल्याची करकर ऐकू आली आणि मागोमाग नळीतून काहीतरी गडगडत बाहेर गेलं, तेव्हा तिनं अंथरुणात पडल्या पडल्या फक्त हिशेब केला.

संडासाची टाकी साठ लिटरची. दोघांचं मिळून दिवसाला बारा लिटर. म्हणजे पाचव्या दिवशी ती भरायला हवी होती. टाकी उपसून घ्यायचा पंप ते निघाले त्या धक्क्यावर होता आणि त्यानंतर ते कुठल्याच धक्क्याला लागले नव्हते. तरी टाकी भरली नव्हती, हे आधीच आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

ती वर आली. हालुक, तिचा नवरा, सुकाणूजवळ कॉफीचा कप घेऊन बसला होता. भूगोलाचा निवृत्त शिक्षक. ‘पोयराझ’ ही दहा मीटरची शिडाची बोट त्यानं बारा वर्षं स्वतःच्या हातानं घासून रंगवून उभी केली होती. आजवर तो तिच्यावर मित्रांबरोबर हिंडे, नालान सुट्टीच्या दिवसापुरती येई. या उन्हाळ्यात मात्र दोघांचं ठरलं होतं. पंधरा दिवस तिनं बोटीवर काढायचे, आवडलं तर इझमीरमधलं कार्शियाका भागातलं घर भाड्यानं देऊन बारा महिने बोटीवरच राहायचं. घर घ्यायला एक डॉक्टर नवरा-बायको तयार होते आणि त्यांना रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. आज शुक्रवार होता. काल संध्याकाळी निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, लिंबू आणि थोडी राकी, बडीशेपेची दारू, पोटात गेल्यावर नालान म्हणाली होती की रविवारपर्यंत थांबायचं काही कारण नाही, उद्याच हो म्हणून टाकू. हालुकचे डोळे भरून आले होते.

तिनं बोटीच्या मागच्या कठड्यावरून खाली पाहिलं. बोट आणि काठावरचा खडक यांच्यामधल्या पाच-सात हातांच्या पट्ट्यात पाणी तपकिरी झालं होतं. त्यावर फेसाची कड होती, आणि कागदाचे लगदे.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“शेवाळ. पहाटे वर येतं.”

“हालुक, मी आयुष्यभर हेच बघत आले. शेवाळ कुठलं आणि हे कुठलं, ते मला शिकवू नकोस.”

तो उठला, आत गेला आणि निळं कार्ड घेऊन आला. कुठल्या बोटीनं टाकी कधी, कुठं उपसून घेतली याची नोंद ज्यावर होते ते. त्यानं ते तिच्यापुढे धरलं, वर्गात नकाशा धरावा तसं. चार तारखेला रिकामी. नऊ तारखेला रिकामी. दोन्हींवर शिक्का.

“नऊला आपण इथेच, काठावरच्या याच झाडाला बांधलेले होतो,” नालान म्हणाली.

त्यानं कार्डाची घडी घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. धक्क्यावरचा माणूस ओळखीचा होता, पुढच्या तारखा आधीच टाकून देई. हालुकचंच नव्हे, बऱ्याच जणांचं. ज्या बोटीनं कार्ड दाखवलं तिची टाकी कुणी उघडून बघत नाही. दर दुसऱ्या दिवशी ती झोपेत असताना तो चावी उघडत होता. समुद्र एवढा मोठा, साठ लिटर म्हणजे काय, सगळेच करतात. आणि त्याचं म्हणणं, खरी चूक वेगळीच होती. मोकळ्या नांगरावर असलं की बोट वाऱ्याबरोबर फिरते, प्रवाह सगळं बाहेर घेऊन जातो. इथे त्यांनी या किनाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे पुढून नांगर टाकून बोट मागे रेटली होती आणि मागचा दोर काठावरच्या पाइनच्या झाडाला बांधला होता. अशी बोट हलत नाही, झोप छान लागते. पण मग बोट आणि खडक यांच्यामधलं पाणीही हलत नाही. हे आपल्या ध्यानात राहिलं नाही, असं तो म्हणाला. भूगोल शिकवलेल्या माणसानं असं विसरावं याची त्याला मनापासून लाज वाटत होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लाज फक्त तेवढ्याचीच होती.

नालान मागच्या चार दिवसांची एकेक सकाळ आठवू लागली. इथेच ते पोहत होते, ती या मागच्या शिडीवरून उतरून. तो दर वेळी पुढच्या बाजूनं उडी मारायचा आणि तिलाही हाक मारून तिकडेच बोलवायचा. तिला ते लाडिक वाटलं होतं. भांडी ती मागे बसून समुद्राच्या पाण्यानंच घासत होती, मग गोड्या पाण्याचा एक हात फिरवायचा, कारण गोडं पाणी जपून वापरायचं असतं. हे त्यानंच शिकवलं होतं. बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडायचे म्हणजे मीठ वेगळं घालावं लागत नाही, हेही त्यानंच. ती बादली मागूनच बुडवायची. परवा बटाटे केले होते. तिनं दोनदा वाढून घेतले होते.

“तू मला बादली बुडवताना बघत होतास,” ती म्हणाली.

“मीही तेच बटाटे खाल्ले ना,” हालुक म्हणाला.

त्याला वाटलं, या उत्तरानं भागलं. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मिशीला कॉफीचा थेंब होता. चौतीस वर्षांत त्या मिशीकडे बघून कधी वाटलं नव्हतं ते तिला आता वाटलं, आणि तिनं मान फिरवली.

तेवढ्यात भूशिराच्या कडेनं फटफट करत एक होडी आली. पलीकडच्या गावातले शाबानकाका. सत्तरीचा माणूस, ऑक्टोपस पकडून बोटवाल्यांना विकणारा. कालचा त्यांचाच. त्यांनी हात वर केला, होडी खडकाला लावली, टोपलीतून एक मोठा ऑक्टोपस काढला आणि नेहमीच्या जागी उकिडवे बसून तो खडकावर आपटायला सुरुवात केली. चाळीस वेळा आपटायचा, मग पांढरा फेस येईपर्यंत दगडावर रगडायचा, पाण्यात बुचकळायचा, पुन्हा रगडायचा. नरम व्हायला हे करावंच लागतं. बुचकळत होते ते त्या तपकिरी पट्ट्यात.

“सुप्रभात कप्तान,” शाबानकाका म्हणाले. “आजचा कालच्यापेक्षा दांडगा आहे.”

“तुमच्या हाताला यश आहे काका,” हालुक हसून म्हणाला, आणि हसता हसता त्यानं नालानकडे नजर टाकली. गप्प राहा, असं त्या नजरेत होतं. हालुक हौशी खलाशांच्या संघटनेचा चिटणीस होता. मागच्या वर्षी शाबानकाकांनी इंजिनाचं जुनं तेल काठावर ओतलं, तेव्हा त्याचा फोटो काढून गटात टाकणारा हाच. त्यावरून काकांना दंड झाला होता. त्या माणसापुढे तोंड उघडायचं म्हणजे काय, हे नालानला कळत होतं. तिलाही लाज वाटत होती. टाकीत तिचाही निम्मा वाटा होता.

ऑक्टोपस तिसऱ्यांदा पाण्यात गेला.

“काका, त्या पाण्यात धुऊ नका,” ती म्हणाली. “आमचा संडास तिथे रिकामा झालाय.”

हालुकनं कप खाली ठेवला. शाबानकाका रगडायचे थांबले नाहीत.

“ठाऊक आहे बाईसाहेब,” ते म्हणाले. “वास येतो की.”

“मग?”

“घरी न्यायचा तो मी टेकाडापलीकडे धुतो. बोटवाल्यांचा इथे.”

“कालचाही?”

“कालचाही.” त्यांनी एक सोंड उचलून उजेडात न्याहाळली. “दोन वर्षं झाली. अजून कुणी विचारलं नव्हतं.”

नालान कठड्याला धरून वाकली आणि ओकली. राकी, लिंबू, काल ती ‘आणखी एक तुकडा दे’ म्हणाली होती तो तुकडा, सगळं त्याच पट्ट्यात गेलं. प्रयोगशाळेत नवी मुलं पहिल्या आठवड्यात ओकत. ती त्यांना पाणी द्यायची आणि म्हणायची, सवय होईल.

तोंड पुसून ती वर झाली तेव्हा हालुक उभा होता. माणसांना विष्ठेत बुडवलेलं खायला घालता, म्हणाला. हा गुन्हा आहे, आरोग्य खात्याला कळवतो, या किनाऱ्यावर पुन्हा कुणाला काही विकू देणार नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि शाबानकाकांचे हात नीट दिसावेत म्हणून कठड्यावरून वाकला. पाणी चौकटीत येऊ नये म्हणून त्यानं फोन थोडा वर धरला. नालानला तेही दिसलं.

फोटो निघाल्याचा आवाज झाला. शाबानकाकांनी अंग चोरलं नाही की मान वळवली नाही. जणू तेही ठाऊक होतं.

नालान खाली गेली. पिशवीत कपडे भरले, चष्मा घेतला, औषधं घेतली. टॉवेल भांड्यांजवळ वाळत होता, तो तिथेच सोडला. वर येऊन तिनं विचारलं, “काका, गावापर्यंत सोडाल?”

“चला.”

“नालान, वेडेपणा करू नकोस,” हालुक म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. “आजच मोकळ्या पाण्यात जाऊ. टाकी पुन्हा कधी अशी नाही सोडणार. नवऱ्याला एवढ्यावरून कुणी—” तो थांबला. “डॉक्टरला काय सांगायचं?”

“मी सांगते.”

“एका टाकीसाठी?”

त्यानं फोन वर धरला होता ती जागा तिला दाखवायची होती, पण तिथे आता काहीच नव्हतं, नुसता कठडा. ती शिडीवरून होडीत उतरली. उतरताना पायाला पाणी लागू नये म्हणून गुडघे छातीशी घेतले, आणि त्या वयात ते हास्यास्पद दिसलं असणार.

भूशिर ओलांडल्यावर फोनला रेंज आली, तसा तिनं डॉक्टरांकडे फोन लावला. डॉक्टरीण बाई झोपेतून उठल्या होत्या. घर द्यायचं नाही, नालाननं सांगितलं, माफ करा, तुम्हाला तिष्ठत ठेवलं. मग बोटीवर राहायचा बेत पुढे ढकलला का, बाईंनी अदबीनं विचारलं.

“नाही, ते राहतील बोटीवर,” नालान म्हणाली. “घरी मी असेन.”

होडीत डिझेलचा आणि माशांचा वास होता. समोर पाठमोरे बसलेल्या म्हाताऱ्याबद्दलही तिच्या मनात काही चांगलं आलं नव्हतं. दोन वर्षं त्यानं जाणूनबुजून लोकांच्या ताटात घाण वाढली होती, तिच्याही. पण विचारल्यावर त्यानं एका दमात सांगितलं होतं.

शाबानकाकांनी इंजिन मंद केलं. खाली पाणी निळं होतं, तळाचे गोटे मोजता येत होते.

“इथे चांगलं आहे बाईसाहेब. तोंड धुऊन घ्या.”

“गावात नळ आहे ना?”

“आहे. मशिदीपाशी.”

“मग तिथेच धुते,” नालान म्हणाली.