दारात उभं राहून केलेली मोजणी

सरकार चालवणं हे पंतप्रधानांचं काम आणि सरकार उभं ठेवणं हे प्रतोदाचं. पहिल्याचे फोटो छापून येतात, दुसऱ्याचे केस पिकतात. मतदानाच्या वेळी आपल्या पक्षाचा एकूण एक सदस्य सभागृहात हजर हवा, आणि तो आणायची जबाबदारी प्रतोदाची. कोणाला ताप असो की कोणाच्या घरी लग्न असो, हा माणूस दारात उभा राहणार आणि बखोट धरून घेऊन येणार. आपल्या या गोष्टीतल्या प्रतोदांनी तर एकाला दंतवैद्याच्या खुर्चीतून, अर्धवट कोरलेल्या दाढेसकट उचलून आणलं होतं. त्या गृहस्थाने एका हाताने गाल धरला, दुसरा वर केला आणि अर्थसंकल्प मंजूर झाला.

नेमकी अशा माणसावर ती वेळ आली. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी सकाळी विहीणबाईंचा इस्पितळातून फोन आला. मुलीचं बाळ आडवं आलं होतं, रक्तदाब चढला होता, दुपारी ऑपरेशन करायचं ठरलं होतं. जावई जहाजावर, भर समुद्रात. मुलीची आई तर केव्हाच गेलेली.

"एकसारखी बाबा कुठेत म्हणून विचारतेय," विहीणबाई म्हणाल्या. "मी आहे इथे, पण शेवटी मी पडले सासू."

मतदानही दुपारीच होतं. दोन सदस्य आदल्या आठवड्यात पक्ष सोडून गेले होते आणि सरकार आता काठावर आलं होतं. काल संध्याकाळी पक्षाच्या बैठकीत प्रतोदांनी नेहमीसारखं दारात उभं राहून एकेक डोकं मोजलं आणि पंतप्रधानांना सांगितलं, एका मताने वाचतो. पंतप्रधानांनी आज सकाळी सभागृहात ते ठणकावून सांगितलंही, की एक मत तर एक मत, बहुमत ते बहुमत. आता तेच एक मत इस्पितळात जायला निघालं होतं.

"तुम्ही गेलात तर बरोबरी होते," पंतप्रधान म्हणाले. "आणि बरोबरी झाली की ठराव पडतो. ठराव पडला की मी घरी, मंत्री घरी, सगळे घरी. हे मी तुम्हाला सांगायचं?"

प्रतोद बाहेर आले आणि लॉबीतल्या खांबाशी फोन हातात धरून नुसते उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना वाटलं, कोणीतरी यावं आणि आपलं बखोट धरून कुठे न्यायचं तिकडे न्यावं.

आल्या त्या विरोधी पक्षाच्या प्रतोद. राजकारणात येण्याआधी त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. या दोघांचं सभागृहात इतक्या वर्षांत एकदाही पटलेलं नव्हतं. पण बाईंनी तोंड बघितलं, काय झालं ते विचारलं आणि ऐकून घेतलं.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी जोडी लावते."

जोडी लावणं ही तिथली जुनी रीत. एका बाजूचा माणूस अडला, तर दुसऱ्या बाजूचा एक जण आपणहून बाहेर थांबतो, म्हणजे फरक होता तेवढाच राहतो. कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, सगळं शब्दावर चालतं. पण विश्वासाच्या ठरावाला जोडी लावल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. पंतप्रधानांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही फाटकाबाहेर पडलात की ती बाई जाग्यावर जाऊन बसेल." तरीही प्रतोद गेले. पण गाडीत बसल्यापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हतं, आणि जीव कोणासाठी जास्त टांगलाय तेही त्यांना कळेना, म्हणून ते स्वतःवरच चिडले.

मुलीला आत नेण्याआधी जेमतेम भेट झाली. "आलात?" एवढंच ती म्हणाली आणि त्यांचं बोट घट्ट धरून सोडलं. मग दार बंद झालं.

बाहेरच्या बाकावर विहीणबाई बसल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या मुद्दाम समुद्रापलीकडच्या देशातून आल्या होत्या आणि तिथलं सगळं कसं चांगलं, हे सांगायची एकही संधी सोडत नव्हत्या. आज तर गप्प बसणं त्यांना आणखीच अवघड जात होतं.

"आमच्याकडे असली धावाधाव नाही हो व्याही. राष्ट्राध्यक्षाला लोक सरळ निवडून देतात. एकदा बसला की ठरलेली वर्षं बसला. सभागृहात कोण आलं, कोण नाही आलं, त्याची खुर्ची हलत नाही."

"आणि नालायक निघाला तर?"

"मोठा गुन्हा केला तर खटला चालवून काढतात. नुसताच नालायक असेल, तर मुदत संपेपर्यंत दात-ओठ खात बसायचं."

"आणि त्याचं नि सभागृहाचं वाजलं तर?"

"वाजतं की. मागे ते पैसे मंजूर करेनात, हा सही करेना. कचेऱ्यांना कुलपं लागली होती." विहीणबाईंनी पदर सारखा केला. "पण खुर्ची नाही हलली."

प्रतोदांना हसू आलं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. सरळ येऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि पर्स मांडीवर ठेवली.

"तुम्ही इथे?"

"शब्दावर बसून राहणाऱ्यांतले तुम्ही नाही. तिकडे बाहेर थांबले असते, तर तुम्ही इथे बसून माझीच काळजी केली असती. आता बघा डोळ्यांनी. मी इथे आहे, म्हणजे तिथे नाही."

इतक्या वर्षांत या बाईबद्दल आपण काय काय बोललो, ते सगळं प्रतोदांना आठवलं आणि फार ओशाळल्यासारखं झालं. त्यानंतर मात्र त्यांनी एकदाही फोन बघितला नाही. फक्त त्या बंद दाराकडे बघत बसले. मुलीचे बाबा होऊन बसणं एवढंच काम उरलं होतं.

दार उघडलं तेव्हा नर्स हसतच बाहेर आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. विहीणबाईंनी आधी देवाचं नाव घेतलं, मग व्याह्यांचा हात धरला आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून रडून घेतलं, ओळख ना पाळख. प्रतोदांचा जीव भांड्यात पडला. आता सरकार पडलं तरी चालेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि आपल्या मनात हे आलं याचंच त्यांना नवल वाटलं.

मग फोन वाजला. पंतप्रधान होते. "वाचलो. दोन मतांनी."

"दोन?" प्रतोद ताडकन उठले. "दोन कसं? एक यायला हवं." त्यांनी फोन खाली घेतला. "बाई, तुमचा एक जण फुटला."

"आमचं कोणी फुटलेलं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "काल मोजताना तुम्ही कुठे होता?"

"दारात."

"आणि तुमची खुर्ची?"

बैठकीतल्या सगळ्या रांगा प्रतोदांच्या डोळ्यांपुढून गेल्या. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती. त्यांची स्वतःची.

"पंतप्रधान सकाळी एक मत म्हणाले, तेव्हाच माझ्या लक्षात आलं," बाई म्हणाल्या. "समोर बसून तुमची माणसं रोज मोजते मी, त्यात तुम्ही असता. तुम्ही नसतात आणि मी तिथे असते, तरी सरकार एका मताने वाचलंच असतं."

"मग सकाळीच का नाही सांगितलंत?"

"निर्धास्त जा, तुमचं एक मत जास्त आहे, असं विरोधी प्रतोदाने सांगितलं असतं, तर गेला असतात?"

"जागचा हललो नसतो."

"म्हणून जोडी लावली. माझ्या पक्षाचं काही नुकसान नाही, आणि तुमची लेक एकटी राहिली नाही." बाई उठल्या. "उद्यापासून मात्र तुम्हाला सोडणार नाही. दोन मतं म्हणजे काही फार नाहीत."

विहीणबाई हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. "आमच्याकडे असं झालं नसतं," त्या हळूच म्हणाल्या. या वेळी त्यांचा सूर जरा वेगळा होता.

नर्स पुन्हा दारात आली. पेशंट शुद्धीवर आली होती आणि एकालाच आत सोडता येणार होतं. प्रतोद सवयीने बाजूला सरले, हात दाराकडे केला आणि विहीणबाईंना म्हणाले, "चला, तुम्ही व्हा पुढे."

"अहो, पुन्हा दारातच उभे?" बाई म्हणाल्या, आणि त्यांचं बखोट धरून त्यांना आत ढकललं.

मुलगी पडल्या पडल्या क्षीण हसली. "बाबा, मतदान?"

"झालं."

"तुमच्याशिवाय?"

"माझ्याशिवाय," असं म्हणून ते तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले.