ओक-दानचा वाडगा

उत्तरेतल्या नातेवाइकांना भेटायला निघालेल्या म्हाताऱ्यांचं सामान तपासायची नोकरी म्हणजे शिव्या खायची नोकरी. दक्षिणेतल्या, सीमेजवळच्या सोक्चो गावातल्या हॉटेलात उन-सुक सकाळपासून तेच करत होती. उत्तरेने अणुचाचण्या केल्या, जगाने निर्बंध घातले आणि मार बसला तो या बिचाऱ्यांच्या बॅगांना. लोकरी कपडे, औषधं, चॉकलेटं चालत. धातूची वस्तू नाही.

अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बांग आजोबांच्या बॅगेत काशाचा वाडगा निघाला, झाकणासकट.

“आजोबा, हा जाणार नाही.”

“का गं पोरी? यातून मी बॉम्ब टाकणार आहे?”

“धातू आहे. नियम आहे.”

आजोबांचा आवाज उतरला. युद्धात त्यांची चार वर्षांची बहीण ओक-दान तापाने फणफणली होती, म्हणून आठवडाभरासाठी मावशीकडे ठेवली, सीमा बंद झाली आणि ती कायमची उत्तरेतच राहिली. आई तिचा वाडगा घेऊन दक्षिणेत आली. घराबाहेर गेलेल्या माणसाचा भात झाकून, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर रजईखाली कोणतीही आई ठेवते. ही चाळीस वर्षं ठेवत होती. आता उत्तरेकडून आलेल्या कागदात ओक-दानने एवढंच कळवलं होतं: मला माझा वाडगा आठवतो, काठाला पोचा आहे.

साहेब जेवायला गेले होते. उन-सुकने वाडगा कपड्यांत दडपून जाऊ दिला असता, तर कुणाला पत्ता लागला नसता. हे तिला तेव्हाही कळत होतं.

“फोटो काढून न्या ना,” ती म्हणाली, आणि स्वतःच्या हुशारीवर खूशही झाली.

तीन दिवस वाडगा तिच्या टेबलावर होता. एकदा हात लागला, तर गरम वाटला. झाकण उचलायची हिंमत होईना. आत वाफ असली तर?

उत्तरेहून बस परतली. सगळ्यांचे डोळे रडून सुजले होते, आजोबांचे कोरडे. तिने वाडगा पुढे केला. त्यांनी हात लावला नाही.

“फोटो दाखवलात?”

“दाखवला. म्हणाली, फोटो कुणाच्याही वाडग्याचा असेल. खरा का नाही आणला? मी म्हटलं, आमच्याच लोकांनी ठेवून घेतला. तर हसली. म्हणाली, एका वाडग्याला कोण अडवतं?”

उन-सुकने वाडगा परत टेबलावर ठेवला.

“एकदा तरी दादा म्हणेल म्हणून वाट बघितली, पोरी. बस सुटताना खिडकीशी आली. वाटलं, आता म्हणेल. परक्याला करतात तसा वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘साहेब, माझा भाऊ तिकडे कुठे भेटला, तर सांगा, मी जिवंत आहे.’”