शेशानाला मुलगे नव्हते

चिठ्ठी उघडली आणि बाबांचा चेहरा पडला, पण चारचौघांत त्यांनी तो लगेच सावरून घेतला. त्यांच्या मंडळीत, म्हणजे गावातल्या चर्चमध्ये, दर वर्षी अख्खं पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचलं जाई. एकाचा अध्याय संपला की दुसरा तयारच हवा, वाचन मध्ये क्षणभरही थांबता कामा नये, असा तिथला दंडक. कुणी काय वाचायचं ते पाळकसाहेबांच्या टोपीतल्या चिठ्ठ्या ठरवत. ज्याला लढाई मिळे तो मिशीवर ताव देत घरी जाई, आणि ज्याच्या वाट्याला वंशावळ येई त्याच्याकडे सगळे सांत्वनाला आल्यासारखे बघत. बाबांना मिळाला होता इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातला दुसरा अध्याय. अमक्याचे पुत्र तमके आणि तमक्याचे पुत्र ढमके, वरपासून खालपर्यंत नुसती नावं.

"बदलून घे गुपचूप," आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण. "गेल्या वर्षी त्या शिंप्याने 'वगैरे वगैरे' म्हणून अर्धा अध्याय गुंडाळला, लोक अजून हसतात त्याला."

"हसू देत. मी सगळी नावं वाचणार."

बाबांच्या घरात 'लोक' हा शब्द फार चाले. अमुक केलं तर लोक काय म्हणतील, तमुक केलं तर लोक बोट ठेवतील. आता हे लोक कोण, असं धाकटीने एकदा नीट शोधून पाहिलं होतं, तर त्यात आत्या सोडून दुसरं कुणी सापडेना.

धाकटी म्हणजे तीन मुलींतली शेवटची. थोरली आणि मधली लग्न होऊन आपापल्या घरी सुखात होत्या. धाकटी मात्र बाबांच्या दारं-खिडक्यांच्या कारखान्यात राबत होती. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घेणं, लाकूड पारखून आणणं, चौकट काटकोनात बसली की नाही हे डोळा बारीक करून सांगणं, ही सगळी तिची कामं. मुलगा नाही म्हणून बाबा उसासे टाकत आणि पुढच्याच मिनिटाला तिलाच हाक मारत. पंधरा दिवसांपूर्वी तिने त्यांना सरळ सांगून टाकलं होतं की, लग्न करीन तर पाहुण्याशी.

पाहुणा हे कारखान्यातल्या कारागिराचं टोपणनाव. दूरच्या मुलखातून आठ दिवसांच्या कामाला म्हणून आला आणि नऊ वर्षं झाली तरी गेलाच नाही, म्हणून पाहुणा. रंधा त्याच्या हातात असला की लाकूड निमूटपणे ऐके. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी; पण धाकटीने विचारलं तेव्हा मात्र गडी कानापर्यंत हसला होता. हो, तिनेच विचारलं होतं. त्याची वाट बघत बसली असती तर केस पांढरे झाले असते.

बाबांनी मात्र करवत खाली ठेवून आवाज चढवला. "माझ्या हाताखालचा माणूस उद्या माझा जावई? कुठला कोण, आगापीछा ठाऊक नाही! आपलं घराणं ते काय! लोक काय म्हणतील?" मग त्यांनी आत्याने आणलेल्या एका फरशीवाल्याच्या स्थळाचा विषय काढला. रविवारी वाचन आटोपलं की त्यांना होकार कळवायचा, असं ठरवूनही टाकलं. पाहुण्याने हे ऐकलं, हत्यारं पुसली आणि म्हणाला, "मग मी सोमवारी निघतो."

अशा घरात ती वंशावळ आली.

"कागदावर ठळक अक्षरात लिहून दे," बाबांनी धाकटीला सांगितलं. "फक्त नावं. मधलं काही नको. मधलं कुणालाही वाचता येतं, अडतं ते नावांपाशी."

धाकटी फुरंगटूनच लिहायला बसली. मनात म्हणाली, घ्या, इथेही पुत्रच पुत्र. यरहमेल, ओनाम, शम्मय, नादाब, अबीशूर. लिहिता लिहिता ती शेशानापाशी आली, आणि तिचा हात थांबला. तिने ओळ पुन्हा वाचली. मग उठून उजेडात जाऊन वाचली. शेशानाला मुलगे नव्हते, मुलीच होत्या. त्याच्या पदरी यरहा नावाचा एक नोकर होता, तोही परका, मिसर देशाचा. शेशानाने आपली मुलगी त्याला दिली, आणि तिला अत्तय झाला. अत्तयाला नाथान, नाथानाला जाबाद, आणि पुढे मुलामागून मुलगा, खाली अलीशामापर्यंत, कुठेही खंड न पडता!

असं काही असतं यात? आणि हे कुणी सांगितलं कसं नाही? तिने भराभर पुढची पानं पालथी घातली. जी पानं सगळे ओलांडून जात, त्यांतच सगळी गंमत भरलेली. एका मुलीने चक्क गावं वसवली होती. सुतारांचं अख्खं खोरं होतं, तागाचं कापड विणणारी घराणी होती, राजासाठी राबणारे कुंभार होते. दुसऱ्या एका पुस्तकात शहराची पडकी भिंत बांधणाऱ्यांची नावं होती, त्यात एक बाप आपल्या मुलींना घेऊन कामाला आला होता. धाकटीला वाटलं, हे तर आपल्याच गल्लीतले लोक! ती एकटीच खोलीत फेऱ्या मारू लागली.

बाबांना सांगावं का? ओठांवर आलं होतं. पण ती बापाला ओळखून होती. आधी कळलं असतं तर त्यांनी काहीतरी निमित्त काढून अध्याय बदलून घेतला असता आणि वर तिलाच चार शब्द सुनावले असते. त्यांनी नुसती नावं मागितली होती ना? मग नुसती नावं घ्या. शेशान, यरहा, अत्तय, तिने ओळीने लिहिली आणि कागद त्यांच्या हातात ठेवला.

मग काय विचारता! कारखान्यात आठवडाभर दुसरा आवाज नव्हता. बाबा रंधा मारत आणि प्रत्येक फटक्याला एक नाव घेत. बिजागऱ्या बसवताना 'सिस्माय, शल्लूम, यकम्या'. गिऱ्हाईक दाराची उंची विचारी, तर बाबांच्या तोंडून 'अबीशूर' निघे. पलीकडे पाहुणा मान खाली घालून खाच पाडत असे. त्यालाही ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं. बाबा कुठे अडखळले की तो हळूच पुढचं नाव पुरवी, आणि बाबा चिडून म्हणत, "येतं मला!"

रविवारी दुपारी मंडळी गच्च भरली होती. शिंपी तर मुद्दाम पुढच्या बाकावर येऊन बसला होता. आत्या त्याच्या शेजारी. पाहुणा नेहमीप्रमाणे मागे, दाराला टेकून उभा. धाकटी मधल्या बाकाच्या कडेला बसली होती. आधीच्या अध्यायाचा शेवटचा शब्द पडला न पडला तोच बाबा उभे राहिले.

आणि काय वाचलं त्यांनी! नावं नुसती घरंगळत होती. कुठे अडखळणं नाही, चाचरणं नाही. शिंप्याचं तोंड उघडं पडलं. पाळकसाहेब पुढे सरसावून बसले. यरहमेल आला, ओनाम आला, शम्मय आला. बाबांचा आवाज चढत चालला, आणि धाकटी एकेक नाव मोजत चालली. नादाब. अबीशूर. आता शेशान.

"शेशानाला मुलगे..." बाबांनी सुरुवात केली आणि ओळ संपवून ते थांबले.

आठवडाभर त्यांनी नावं घोटली होती, मधलं काही पाहिलंच नव्हतं. सगळ्यांना वाटलं, गाडं नावापाशी अडलं. आत्याने मांडीवरच्या पुस्तकात बघून काळजीने कुजबुजत पुढचं नाव सांगितलं, "यरहा! यरहा म्हण!"

"येतं मला!" बाबा केवढ्याने तरी म्हणाले. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली, पण आता सावकाश. मुलगे नव्हते. मुलीच होत्या. नोकर होता, परदेशचा. त्याला मुलगी दिली. एकेक शब्द ते बोट ठेवून वाचत होते. मग अत्तय आला. नाथान आला. जाबाद, एफलाल, ओबेद. आता ते घडाघड वाचत नव्हते. प्रत्येक नावानंतर पुढे आणखी कुणी आहे का, म्हणून अधीर होऊन खाली बघत होते, आणि दर वेळी कुणीतरी असेच. येहू, अजऱ्या, हेलस. धाकटीला बाकावर बसवेना. अलीशामापाशी पोचल्यावर बाबांनी पुस्तकातून मान वर केली.

वाचन थांबलं. जे कधी थांबत नसे ते थांबलं.

"पाळकसाहेब, एक विचारू?" बाबा म्हणाले.

"आत्ता? अहो, अध्याय..."

"त्या शेशानाला त्याच्या गावात कुणी काही म्हणालं नाही का हो?"

पाळकसाहेब क्षणभर गोंधळले. त्यांनी आपल्यासमोरचं पुस्तक बघितलं, मग बाबांकडे बघितलं.

"म्हणाले असतील की," ते म्हणाले. "भरपूर म्हणाले असतील. पण ते कुणी लिहून ठेवलं नाही. नातवंडांची नावं तेवढी लिहिली."

आत्याने पदर सारखा केला. बाबांनी उरलेला अध्याय वाचून काढला, पण त्यांचं लक्ष त्यात नव्हतं. शाळामास्तर तिसरा अध्याय घेऊन उभे राहिले आणि बाबा धाकटीच्या शेजारी येऊन धपकन बसले.

"कागद तू लिहिलास," ते कुजबुजले. "तुला ठाऊक होतं."

"होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, फक्त नावं लिही."

बाबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. धाकटीने मान खाली घातली नाही. आता जे व्हायचं ते होवो. मग बाबांच्या मिशा हलल्या, आणि ते पुन्हा तिच्या कानाशी वाकले.

"त्या मुलीचं नाव काय गं? नोकराचं आहे, बापाचं आहे. जिच्यामुळे एवढं घराणं चाललं तिचं कुठाय?"

"त्या ओळीत नाही लिहिलेलं."

"का?"

"मला काय विचारता? मी थोडीच लिहिलंय?"

"हे काही बरोबर नाही," बाबा म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की शाळामास्तर दावीदाच्या मुलांमध्येच घुटमळले. बाबा उभे राहिले. "पाळकसाहेब, लग्नाची जाहीर सूचना तुम्हीच लिहिता ना? मग लेखणी घ्या. मास्तर, माफ करा, दावीद राजाला दोन मिनिटं थांबता येईल."

मंडळीत एकच खळबळ उडाली. धाकटीला आपण बसलोय की उभे आहोत हेच कळेना. पाळकसाहेबांनी खिसे चाचपून कशीबशी लेखणी काढली आणि सवयीने विचारलं, "वराचं नाव?"

"मुलीचं आधी लिहा," बाबा म्हणाले. आणि त्यांनी धाकटीचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव घेतलं. ते नाव घरात कुणी कधी वापरत नसे. तिला धाकटी म्हणूनच सगळे ओळखत. भरल्या मंडळीत बापाच्या तोंडून ते ती पहिल्यांदाच ऐकत होती. मग त्यांनी पाहुण्याचं नाव सांगितलं.

"वराच्या वडलांचं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

बाबांनी तोंड उघडलं आणि ते तसेच उभे राहिले. आठवडाभर ज्यांची हजारो वर्षांपूर्वीची नावं त्यांनी तोंडपाठ केली, त्यांच्या बापांचे बापही त्यांना ठाऊक होते. आणि नऊ वर्षं ज्याच्या हातून त्यांच्या कारखान्याचं प्रत्येक दार घडलं, त्याला त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. बाबांचा चेहरा लाल झाला. ते हळूहळू मागे वळले.

"बाबा रे," ते दाराकडे बघून म्हणाले, "तुझ्या वडलांचं नाव काय?"

पाहुण्याने सांगितलं. आवाज इतका बारीक होता की मागच्या दोन बाकांपलीकडे पोचला नाही.

"पुढे ये. आणि आजोबांचं?"

पाहुणा दार सोडून आत आला. त्याने आजोबांचं नाव सांगितलं. पाळकसाहेबांच्या सूचनेत आजोबांची गरज नसते, पण ते बिचारे लिहीत राहिले.

"त्यांच्या वडलांचं?"

तेही त्याला येत होतं. त्याचे डोळे भरले होते आणि तो कानापर्यंत हसत होता. धाकटीला हसू आणि रडू एकदमच फुटलं, आणि तिने दोन्हींपैकी काहीच लपवलं नाही. मास्तर तिसरा अध्याय उघडा धरून तसेच ताटकळत होते.

आत्या पुढच्या बाकावरून उठली, मधल्या बाकापाशी आली आणि बाबांना कोपराने ढकलून तिने धाकटीच्या शेजारी जागा केली.

"ये, इथे बस," ती पाहुण्याला म्हणाली. "उभ्याने किती नावं सांगशील?"