तीन फुटांची टाकी

बायको गेल्याचं मला मंगळवारी सकाळी साडेअकराला कळलं. मी दुकानात खिडकीची काच कापत होतो. फोन मेहुणीचा होता. बायको बीपी तपासायला दवाखान्यात गेली होती, तिथल्या बाकावर बसल्या बसल्या गेली. तिचा नंबर पुकारला तेव्हा ती उठली नाही, म्हणून लोकांच्या लक्षात आलं. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि काच मोडून घेतली. काचेवर रेघ मारली की ती लगेच मोडावी लागते, नाहीतर वाकडी फुटते. मग गेलो. ती काच अगदी मापात आली होती.

पुढचे दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. त्यांनी मला वेळच्या वेळी जेवायला घातलं. माशाला कुणी घातलं ते मला माहीत नाही. बहुतेक सगळ्यांनीच घातलं.

मासा बायकोचा. नारिंगी गोल्डफिश, वय वर्षं सहा. ती त्याला भाडेकरू म्हणायची, कारण तो खायचा, घाण करायचा आणि जागेबद्दल तक्रार असल्यासारखं तोंड करायचा. त्याची टाकी एक फुटाची होती. वर्षातून दोन-तीनदा ती म्हणायची, "घरात काचवाला आहे आणि मासा डब्यात राहतोय. तीन फुटांची करून द्या की." मी म्हणायचो, "मासा टाकीएवढाच वाढतो. मोठी दिली तर मोठा होईल, मग तू आणखी मोठी मागशील." हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. तो दातांचा डॉक्टर होता, म्हणून मी विश्वास ठेवला. मासा खरंच वाढला नाही. सहा वर्षांत माझ्या अंगठ्यापेक्षा जरा मोठा झाला आणि पाठीत वाकला. मी तिला म्हटलं, बघ.

माणसं पांगल्यावर दुसऱ्या दिवशी मासा पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता. पाणी पातळ चहासारखं दिसत होतं. मी त्यातलं थोडं बाटलीत भरलं आणि शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ते नळीत ओतून वर औषधाचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवंगार झालं.

"हे पाणी नाही, मोरी आहे," तो म्हणाला. "टाकी केवढी?"

"एक फूट. मासा टाकीएवढाच वाढतो ना?"

"कोण म्हणालं?"

"दातांचे डॉक्टर."

"त्यांना दातांचंच विचारत जा. मासा काय पट्टी घेऊन टाकी मोजतो? पाणी थोडं असलं की त्याचीच घाण त्याला बाधते. मग वाढ खुंटते, पाठ वाकते, आतून बिघडतो. हा तळहाताएवढा व्हायला हवा होता."

"पण सहा वर्षं जगला."

"मग कुणीतरी रोज पाणी बदलत असणार, तेही रात्रभर ठेवून क्लोरीन उडालेलं. नाहीतर शक्यच नाही."

तेव्हा मला गॅलरीतल्या दोन बादल्या आठवल्या. नळाचं पाणी भरून ती त्या रात्रभर तशाच ठेवायची. सकाळी मी त्यांना अडखळायचो आणि तिला बोलायचो. मला वाटायचं, झाडांसाठी आहेत. आमच्याकडे झाडं दोनच होती. तिचा उजवा खांदा दुखायचा. मी मलम आणून दिलं होतं.

त्या दिवसापासून बादल्या मी भरायला लागलो. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, ताईचा मासा मला द्या. आमच्या ऑफिसात मोठी टाकी आहे. तुमच्याच्याने व्हायचं नाही." मी म्हणालो, एक महिना दे. ती म्हणाली, "महिन्यात मेला तर?" मी तीन फुटांच्या टाकीची मापं काढायला घेतली.

टाकी मी दोन दिवसांत केली. जाड काच घेतली, कडा घासल्या, बाथरूमच्या काचांना लावतो ते उत्तम सिलिकॉन भरलं. मग दुकानदाराला सांगायला गेलो.

"कसलं सिलिकॉन?"

"बुरशी न धरणारं. महागातलं."

"छान. बुरशी मारायचं औषध असतं त्यात. बुरशी जाईल, पाठोपाठ मासाही जाईल."

तीस वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदा स्वतःचे सांधे ब्लेडने सोडवले. त्यात तीन दिवस गेले. मग साधं सिलिकॉन भरलं, ते वाळू दिलं, पाणी भरलं आणि मासा हलवायचा म्हणून विचारायला गेलो. दुकानदार म्हणाला, नव्या पाण्यात घाण पचवणारे जंतू नसतात, ते यायला महिनाभर लागतो. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजलं की जंतूंना काम मिळतं.

मेहुणी आली तेव्हा मी तेच करत होतो. ती दारातच थांबली.

"भाऊजी, ह्यात मासा कुठाय?"

"मासा जुन्या टाकीत आहे."

"मग इथे कुणाला घालताय?"

"कुणाला नाही. पाण्याला."

ती हळूच खुर्चीवर बसली. "चार दिवस आमच्याकडे चला राहायला."

मी तिला जंतूंचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग उठून टाकीच्या काठावरून बोट फिरवलं.

"कडा गुळगुळीत झाल्यात."

"हो."

"किती दिवस लागले?"

"पाच. चुकलो ते धरून."

"आणि चुकला नसता तर?"

"दोन."

"ताई सहा वर्षं मागत होती."

"हो."

ती जुन्या टाकीपाशी जाऊन माशाकडे बघत उभी राहिली. जाताना म्हणाली, "राहू दे इथेच. आमच्या ऑफिसात बादल्या कोण भरणार?"

दुकानदाराने सांगून ठेवलंय की मोठ्या टाकीतही हा आता फारसा वाढणार नाही, आणि वाकलेली पाठ सरळ होत नाही. श्वास मात्र नीट घेईल.

पाण्याला खाणं घालायला लागून आज एकोणिसावा दिवस. मी थेंबांची बाटली विकत आणली आहे. मोठ्या टाकीतलं पाणी सकाळी तपासलं, अजून हिरवं होतं. मासा जिवंत आहे, पण जुन्याच टाकीत आहे. त्याला हलवायचं राहिलं आहे.