तांबडी अजून पोचलेली नाही

मी एक हवेची होडी बोलतेय. लाकडाच्या आणि लोखंडाच्या होड्या मला होडी मानत नाहीत, ‘फुगा’ म्हणतात. म्हणू देत. माझ्या पोटात पाच वेगवेगळे कप्पे आहेत. एक फुटला तर उरलेले चार माणसाला धरून ठेवतात. हे मी ऐकीव सांगत नाही, एकदा करून दाखवलंय.

सध्या मी कॅमस बेटावर, पाण्यापासून वीस पावलांवर, एका छपराखाली ठोकळ्यांवर पडलेय. अर्धी हवा गेलीय. समोरच्या भिंतीवर एक काळा फळा टांगलाय आणि त्यावर माझंच नाव आहे. दिवसभर दुसरं काही बघायला नसल्यामुळे मी तेच वाचत असते.

माझा जन्म कारखान्यातला. एका जाडजूड बाईने माझे सांधे गोंद लावून जोडले आणि छोट्या रुळाने दाबले. काम करताना ती गुणगुणायची. खोक्यात भरण्याआधी तिने माझ्या अंगावर एक थाप मारली. तेवढंच माझं माहेर.

पहिली तीन वर्षं मी एका श्रीमंत शिडाच्या जहाजामागे टांगलेली होते. काम काय, तर मालकाच्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर नेऊन आणायचं. समुद्र मी बघितला तो टांगल्या टांगल्या, पाठमोरा. मग जहाजवाल्यांनी नवी, पांढरी होडी घेतली आणि मी आर्वोकडे आले.

आर्वो, आडनाव निस्काला, तेव्हा साठीचा होता. उंच, वाकलेला, मोजकं बोलणारा. जंगलात तोडलेले ओंडके समुद्रातून ओढून नेणाऱ्या टगबोटीवर त्याने उमर काढली होती. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायचा, ‘वेळ नाही मिळाला.’ बेटाच्या उत्तर टोकाला त्याचं घर. आणखी चार घरं होती, पण ती उन्हाळ्यापुरती उघडायची. उरलेले नऊ महिने त्या टोकाला आम्ही दोघंच.

दर गुरुवारी आम्ही अकरा मैल उघडा समुद्र ओलांडून ओल्सन हार्बरला जायचो. टपाल, पाव, पेट्रोल घ्यायचं, आणि धक्क्यावरच्या हॉटेलात लेस्टर नावाच्या जुन्या सोबत्याशी पत्त्यांचे दोन डाव खेळायचे. वारा वाढायच्या आत, दुपारच्या आधी घरी.

त्याची निघायची तयारी बघण्यासारखी असे. किनाऱ्यावर माझ्यात हवा भरायचा, मला पाण्यात लोटायचा, दहा मिनिटं थांबायचा आणि पुन्हा पायपंप मारायचा. थंड पाण्यात आतली हवा आकसते आणि मी ढिली पडते. नवख्यांना हे ठाऊक नसतं. ते किनाऱ्यावर टणक बघून निघतात आणि भर समुद्रात होडी मधोमध वाकायला लागते. पेट्रोलचे तो तीन वाटे करायचा: एक जायला, एक यायला आणि एक समुद्राच्या लहरीसाठी. इंजिनाची लाल दोरी गुडघ्याला बांधायचा, म्हणजे माणूस पाण्यात पडला तर इंजिन आपसूक बंद पडतं. वल्ही दोन्ही बाजूंना घट्ट बांधलेली. वारा ओहोटीच्या विरुद्ध असला, की लाटा उभ्या राहतात. तेव्हा तो पाण्याकडे एकदा बघायचा आणि मला मुकाट्याने वर ओढायचा. समुद्रासमोर माघार घ्यायची त्याला कधी लाज वाटली नाही. माणसांसमोर मात्र हे त्याला जमायचं नाही.

सगळ्यात शेवटी तो छातीला अडकवलेला वायरलेस तोंडाशी धरायचा. आमच्या वाटेच्या मध्यावर टर्नर खडक नावाचा एक सुळका आहे. त्यावर दीपगृह, आणि दीपगृहात डेल्फीन आर्सेनो नावाची बाई. दर तीन तासांनी समुद्राची हालहवाल ती वायरलेसवर सांगायची.

“टर्नर खडक, मी आर्वो. पाणी कसं आहे तुमच्याकडे?”

“वारा पश्चिमेचा, लाटा फूटभर. तुमची तांबडी डुलत डुलत येईल.”

“सात पाचला निघतो. सव्वाआठला पोचतो.”

“लिहिलं. पोचलात की कळवा. नाही कळवलंत तर नऊला मी बोंब मारणार.”

“मारा. तुम्हाला तिथे दुसरं काम तरी काय आहे?”

“वा! आणि दिवा काय तुम्ही येऊन पुसणार?”

तांबडी हे नाव तिनेच ठेवलेलं. आर्वोने मला कधी नाव दिलं नव्हतं. जिने मला नुसतं दुर्बिणीतून पाहिलं, तिने ठेवलं. ती आमची निघायची वेळ फळ्यावर लिहायची आणि पोचलो की शेजारी पोचायची. अशी चार वर्षं गेली. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. पण “लिहिलं” हा शब्द ऐकल्याशिवाय आर्वो इंजिनाला हात लावायचा नाही.

आणि मग तो एकोणतीसचा हात आला.

आमच्याकडे जो पत्त्यांचा डाव खेळतात, त्यात एकोणतीस हा सगळ्यात मोठा हात. आयुष्यात एकदा आला तरी लोक ते पत्ते चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. त्या गुरुवारी आर्वोने मला धक्क्याला बांधलं, तोच लेस्टर हॉटेलच्या दारातून ओरडला, “ये लवकर, कॉफी निवतेय!” आर्वो तसाच गेला. वायरलेस माझ्यातच राहिला. पाऊण तासाने हॉटेलातून असा गलका उठला, की धक्क्यावरचे पक्षी उडाले. आर्वोला एकोणतीस लागले होते.

त्याच वेळी माझ्यात पडलेला वायरलेस बोलत होता. “तांबडी, तांबडी, टर्नर खडक.” थोड्या वेळाने पुन्हा. “तांबडी, ऐकताय ना?” मी ऐकत होते हो, एक मीच ऐकत होते. पण उत्तर कुठून देणार?

नऊला तिने म्हटल्याप्रमाणे बोंब मारली. बचाव-बोट सुटली. मी धक्क्याला बांधलेली, आणि मला शोधायला निघालेलं हेलिकॉप्टर माझ्याच डोक्यावरून गेलं. तासाभराने कुणीतरी मला ओळखलं आणि सगळा प्रकार उघडा पडला. लेस्टरने तर सोडलंच नाही. “काय रे, घरी होडीने जाणार, की मागवू परत ते हेलिकॉप्टर?” हॉटेलभर हशा. एकोणतीसच्या हाताचं कौतुक राहिलं बाजूला. आर्वोचे कान लाल झाले.

चूक त्याची होती आणि त्याला ते कळत होतं. ‘चुकलो’ म्हटलं असतं तर दोन मिनिटांत मिटलं असतं. पण पुढच्या गुरुवारी त्याने वायरलेस उचलला, तो भलत्याच आवाजात. ती वाहिनी सगळ्यांची. किनाऱ्यावरची प्रत्येक होडी ती ऐकते.

“मी काय तुमचा नवरा लागतो, माझी वाट बघत बसायला? सांगितलं होतं कुणी तुम्हाला?”

मग ती म्हणाली, “टर्नर खडक. ऐकलं.” आणि तिने वायरलेस बंद केला.

त्यानंतर सहा महिने आम्ही कुणालाही न सांगता गेलो-आलो. सांगायला होतंच कोण? घरातल्या दुसऱ्या वायरलेसवर तो तिची हालहवाल ऐकायचा, हे मला माहीत आहे, कारण खिडकी उघडी असायची. पण बोलायचा नाही. वायरलेस छातीवरून उतरला आणि माझ्या पुढच्या टोकाला पिशवीत जाऊन पडला. खडकाजवळून जाताना तो मान दुसरीकडे वळवायचा. मला फार एकटं वाटायचं. सव्वा तास समुद्रावर असताना आपण कुठे आहोत हे जगात कुणालाच ठाऊक नाही, ही गोष्ट रबराच्या जिवालासुद्धा सोसत नाही.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आमच्या किनाऱ्यावर स्वच्छ होतं. धुकं होतं ते पुढे, मध्यावर. पूर्वी तिने सांगितलं असतं, “इथे हातावरचं दिसत नाही, थांबा.” सहाच्या हालहवालीत धुकं नव्हतं, आणि आता तिला विचारणारं कुणी नव्हतं. आम्ही धुक्यात शिरलो तेव्हा परत फिरावं असं त्याच्या मनात आलं असणार, कारण त्याने वेग कमी केला. पण होकायंत्र बघत तो पुढेच गेला.

खडक डाव्या हाताला, अर्ध्या मैलावर असेल. तिथे एक ओंडका पाण्यात उभा तरंगत होता, टोक जेमतेम पाण्याबरोबर. उभा जन्म ज्याने ओंडके ओढले, त्याला तोच एक दिसला नाही. धाडकन आवाज झाला. माझा पुढचा कप्पा टराटरा फाटला आणि वायरलेसची पिशवी तळाला गेली. आर्वो उडून पाण्यात पडला. लाल दोरी सुटली, इंजिन बंद पडलं. दोरीने तेवढं काम चोख केलं.

तो माझ्याकडे पोहत आला. दोनदा वर चढायला गेला, दोनदा घसरला. मी काय करू शकत होते? उरलेल्या चार कप्प्यांत जीव आवळून धरला. तिसऱ्यांदा तो आत पडला आणि कुडकुडत पडूनच राहिला. इंजिनाचा पंखा मोडला होता. ओहोटी आम्हाला मोकळ्या महासागराकडे ओढत होती. आर्वोने शिट्टी वाजवली, हाका मारल्या. मग थांबला. माझ्या अंगावर हात ठेवून, कुणाला सांगावं तसा म्हणाला, “आपण निघालोय हेच कुणाला माहीत नाही गं.”

तेवढ्यात धुक्यातून आवाज आला. ठण्, ठण्, ठण्.

धुक्यात इशारा द्यायचा खडकावरचा भोंगा काही वर्षांपूर्वीच बंद झाला होता. हा आवाज स्वयंपाकघरातल्या पातेल्याचा होता. कुणीतरी जीव खाऊन पातेलं बडवत होतं.

आर्वोने वल्ही सोडवली आणि आवाजाच्या दिशेने मारायला लागला. माझं पुढचं तोंड पाण्यात लोळत होतं, वल्ह्याच्या दर फटक्याला पुढे जायचे त्याच्या निम्मी मागे सरकायचे. पातेलं थांबलं नाही. अर्धा तास, पाऊण तास. हळूहळू खडकाचा आडोसा लागला, पाणी जरा शांत झालं आणि धुकं तेवढ्यापुरतं विरळ झालं. वर कठड्यापाशी एक ठेंगणी बाई उभी होती. अंगात पिवळा रेनकोट, एका हातात पातेलं, दुसऱ्यात वाढायचा डाव. आर्वोने वर बघितलं. तिने डाव उंच केला. लाटांमुळे खडकावर उतरता येत नव्हतं. थोड्या वेळात बचाव-बोट आली.

बोटीवरच्या माणसाने आर्वोला कांबळ्यात गुंडाळलं. आर्वोने विचारलं, “तुम्हाला कळलं कसं?”

“त्या बाईंनी कळवलं. म्हणाल्या, तांबडीचं इंजिन खडकाजवळ बंद पडलंय आणि परत सुरू झालेलं नाही. दर गुरुवारी कान लावून असतात म्हणे. तुझ्या वेळा त्यांना तोंडपाठ आहेत, बाबा.”

आर्वोने तोंडावर कांबळं ओढलं. मला दोरीने मागे बांधलं होतं, तरी त्याचे खांदे हलताना मला दिसले.

पुढच्या गुरुवारी तो समुद्रावर जाऊ शकत नव्हता. छातीत थंडी बसली होती. काठी टेकत माझ्यापाशी आला, नवा वायरलेस उचलला आणि त्याच सगळ्यांच्या वाहिनीवर म्हणाला, “टर्नर खडक, मी आर्वो. त्या दिवशी मी वाटेल ते बोललो. माझं चुकलं. सगळ्यांनी ऐका, माझं चुकलं.”

खरखर झाली. मग, “टर्नर खडक. लिहिलं.”

माझा फाटलेला कप्पा त्याने दोनदा चिकटवला, पण हवा टिकली नाही. डॉक्टरांनीही त्याला समुद्र बंद केला. टपाल आता लेस्टरचा पुतण्या आणून टाकतो. पुढच्या वर्षी टर्नर खडकावरून माणसं काढली, दिवा आपोआप लागायला लागला. डेल्फीन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बहिणीकडे राहायला गेली. जाताना तिने लाकडी खोक्यातून तो फळा पाठवला. अपघाताच्या दिवसाची ओळ तिने पुसली नव्हती. अंदाजाने लिहिलेली निघायची वेळ: ‘तांबडी, निघाली सात पाच.’ पुढे ‘पोचली’, आणि त्यापुढे काही नाही. आर्वोनेही ते भरलं नाही.

वरच्या घरात फोन लागत नाही, माझ्या छपरापाशी लागतो. दर गुरुवारी आर्वो चौतीस पायऱ्या उतरून येतो, माझ्या अंगावर टेकतो आणि सव्वाआठला फोन करतो. तिच्याकडे तेव्हा दुपार असते.

“पोचलो,” तो म्हणतो.

“लिहिलं,” ती म्हणते.

मग दोघं हवापाण्याचं बोलतात. गेल्या गुरुवारी पायऱ्यांवर दव होतं. गुडघा धरून तो मध्येच बसला, आठ पंचवीस झाले. शेवटच्या पायरीवर आला, तोच खिशातला फोन वाजला.

“दहा मिनिटं झाली. पातेलं काढू का?”

“अहो, पायऱ्यांवर होतो,” आर्वो म्हणाला आणि माझ्या अंगावर टेकला.

तुम्ही पाण्यावर जाणार असाल तर हवा दोनदा बघा, दोरी बांधा, पेट्रोलचे तीन वाटे करा. पण निघायच्या आधी कुणाला तरी सांगा, आणि पोचलात की आठवणीने कळवा. कुणी वाट बघितली म्हणून चिडू नका.

माझं म्हणाल तर थंडी पडली की माझी हवा आणखी उतरेल. फळ्यावर माझ्या नावापुढची जागा अजून रिकामीच आहे, म्हणजे मी अजून वाटेतच आहे. आज बुधवार. उद्या सव्वाआठला तो येईल.