अकुलीनाचा दोर

"लुक्यान, ऐकतोयस का? लुक्यान!" स्तेपानिदा रेडिओचे बटण दाबून ओरडत होती. "मेल्या, बोल की काहीतरी!"

रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एरवी सगळी खाडी दिसते. बंद पडलेला मासळीचा कारखाना, धक्का, आणि पार टोकाला, खाडीच्या तोंडाशी, दोन काळे खडक. आज धुक्याने काचेला कुणी बाहेरून दूध फासल्यासारखे झाले होते. माझ्या आईला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, आणि त्या दिवसाच्या प्रार्थनेसाठी केलेला पिरोक, पिठाच्या पारीत सामन मासा भरून भाजलेला, टेबलावर झाकून ठेवला होता. वाफेने वरचे फडके ओले झाले होते.

"शेवटचं काय म्हणाला?" मी विचारले.

"फादरला होडीत घेतलंय म्हणाला. नकाशाचं यंत्र बंद पडलंय. आणि होडीची मोटार खोकतेय म्हणे. मी म्हटलं, तूही खोकतोस, जमेल तुमचं दोघांचं." ती हसली नाही. "त्यानंतर मी चहा केला, तो निवला, तरी आवाज नाही त्याचा."

आईच्या प्रार्थनेसाठी येणाऱ्या फादरचे विमान सकाळी आमच्या गावावर घिरट्या घालून गेले होते. आवाज ऐकू आला, विमान दिसले नाही. मग ते शेजारच्या खाडीत, जिथे अजून आभाळ उघडे होते, तिथे उतरले. लुक्यानमामा कुणी सांगण्याआधीच होडी घेऊन निघाला. तो माझ्या आईचा सख्खा भाऊ. मी दहा वर्षांची असल्यापासून आई त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"मार्फा," स्तेपानिदा म्हणाली, "वर चर्चमध्ये जा आणि घंटा वाजव."

"सव्वाकाका आहे की तिथं."

"सव्वा? त्याची घंटा ऐकून लुक्यान उलटा जपानला जाईल."

"आता घंटेवर कोण येतं, मावशी? सगळ्यांकडे यंत्रं आहेत."

"बंद पडलंय म्हणून आत्ताच सांगितलं ना तुला? शहरात राहून कान गेले का?"

मी खिडकीकडे पाहत राहिले. जे बोलायचे नव्हते ते तोंडून गेले. "मामासाठी वाजवू?"

स्तेपानिदाने रेडिओ खाली ठेवला. आईच्या शेजारी कारखान्यात पंचवीस हंगाम तिने मासे साफ केले होते. आईबद्दल माझ्यापेक्षा तिला जास्त माहीत होते आणि ते तिने मला कधी ऐकवले नव्हते.

"फादरच्या नावानं वाजव," ती म्हणाली. "तुझी आईसुद्धा कुणाकुणाची नावं घेऊन वाजवायचीच की."

आमची घंटा रशियनांनी आणली. त्यांची जहाजे गेली, कातड्यांची कोठारे कुजून पडली. राहिली ती त्यांनी दिलेली नावे, त्यांची प्रार्थना, न्हाणीघराला आम्ही म्हणतो तो बान्या हा शब्द, आणि ही घंटा. पण धुक्यात ती वाजवायची रीत आमची, रशियनांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या सुगपियाक लोकांची. कुणी समुद्रावर असेल तोवर वाजवायची. जो सगळ्यांत शेवटी येईल त्याने ओल्या बुटांनी वर चर्चमध्ये यायचे आणि वाजवणाऱ्याच्या हातातून दोर घ्यायचा. घंटा थांबली की गावाला कळते, सगळे घरी आले. मग लोक दिवे मालवतात.

तो दोर आजीकडून आईकडे, अकुलीनाकडे आला. कुणी तिची नेमणूक केली नव्हती. ती आधी कारखान्यात होती, तो बंद पडल्यावर शाळेची फरशी पुसायची, आणि धुके पडले की हातातली बादली तिथेच ठेवून चढ चढायला लागायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखे एवढेच.

मी दहा वर्षांची होते तेव्हा बाबा हॅलिबटच्या मासेमारीला गेले आणि धुके पडले. आईने घंटा वाजवायला घेतली. एकेक होडी परत आली, माणसे चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली, पण दोर घ्यायला कुणी पुढे होईना, कारण बाबा यायचे होते. धुके गेल्यावर होड्या पुन्हा शोधायला निघाल्या. आई वाजवतच राहिली. मधे कुणी हात बदलायला आले तर तिने दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांत शेवटची होडी लुक्यानमामाची आली. मी मेणबत्त्यांच्या घडवंचीमागे उभी होते. मामा आत आला, आईसमोर उभा राहिला आणि त्याने तिची बोटे एकेक करून दोरावरून उचकटली. मला त्याची पाठ दिसत होती आणि त्याच्या कोपराचे हिसके.

घंटा थांबली. बाहेर सगळे गाव आपापल्या घरातून येऊन वाटेवर उभे राहिले. मला वडील नाहीत हे मला तेव्हा, त्या शांततेवरून कळले.

आई त्यानंतरही धुक्यात घंटा वाजवायची. मामा समुद्रावर असला तरी वाजवायची. पण तोच शेवटचा असला, तर त्याच्या मोटारीचा आवाज खाडीच्या तोंडाशी आला की दोर भिंतीवरच्या आकड्याला बांधून ती मागच्या दाराने निघून जायची. त्याच्या हातात दोर तिने कधी दिला नाही. मामा दर हंगामात आमच्या पायरीवर माशांची बादली ठेवायचा. आई मासे घ्यायची, बादली घासून धुवायची आणि पायरीवर पालथी घालायची. तो येऊन घेऊन जायचा. एवढाच त्यांचा व्यवहार.

आज सकाळीही पायरीवर बादली होती. दोन लाल सामन, गवताने झाकलेले. आई नाही हे त्याला माहीत होते. तिची शवपेटी त्यानेच बनवली होती. मी बादली ओलांडून बाहेर पडले होते.

चर्चमध्ये मेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. दोर वरच्या भोकातून खाली लोंबत होता. आईचा हात पडायचा तिथे तिने पिठाच्या पोत्याची पट्टी गुंडाळलेली होती, काळी आणि गुळगुळीत झालेली. वरून धुक्याचे पाणी ठिबकून ती भिजली होती. मी ती धरली आणि ओढली.

पहिले टोले मी घाईघाईने दिले. दारातून स्तेपानिदा धापा टाकत आत आली. हातातला रेडिओ तिने शालीत गुंडाळला होता.

"आग लागलीय का कुठं?" ती म्हणाली. "आवाजावर आवाज चढतोय सगळा. त्याला वाटेल चहूकडून वाजतेय. आई काय म्हणायची मधे?"

मला आठवले. आई टोला द्यायची, आणि ओठांतल्या ओठांत तीनदा म्हणायची, गोस्पोदी पोमिलुई, प्रभू दया कर. मग पुढचा टोला. लहानपणी मला वाटायचे, ती प्रार्थना करते. ती करतही असेल.

मी तसे म्हणायला लागले. टोला, तीनदा दया, टोला.

लोक जमू लागले. आईच्या प्रार्थनेला आलेलेच ते, काळे रुमाल बांधून, हातांत झाकलेली भांडी घेऊन. आत कुणी आले नाही. पायऱ्यांवर, धुक्यात, कुजबुजत उभे राहिले. सव्वा तेवढा आत आला. चर्चची व्यवस्था तो बघतो, आणि त्याचा एक खांदा हंगामात कायमचा गेलाय.

"दे ग थोडा वेळ," तो म्हणाला. "हात बघ तुझे."

"नको, काका."

"अग, मी काय खातोय का दोर?"

"तुम्ही समुद्रावरून आलात का?"

तो हळूच म्हणाला, "अकुलीना बोलल्यासारखं वाटलं," आणि मेणबत्त्या नीट करायला गेला.

तेवढ्यात रेडिओ बोलला. फादरचा तरुण आवाज, फाटलेला. "...मोटार बंद... ओहोटीचं पाणी ओढतंय... समोर काहीतरी काळं..."

"काळं कुठल्या हाताला?" स्तेपानिदा ओरडली. "डाव्या की उजव्या? फादर! घंटा ऐकू येते का?"

खरखर, आणि मग तीही नाही.

बाहेरची कुजबुज थांबली. खडकांच्या मधून जायला होडीच्या दुप्पट रुंदीचीच वाट आहे. भरतीच्या वेळी पोरेसोरेही जातात. ओहोटीला पाणी डाव्या खडकावर ओढते, आणि बाबांच्या होडीची एकुलती एक फळी त्याच खडकाच्या फटीत सापडली होती. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. दोघे धक्क्याकडे होडी काढायला धावले. सव्वाने त्यांना हाक मारली, "आंधळ्यांनो, तुम्हांला कोण शोधणार मग? थांबा तिथंच!"

मी ओढत राहिले. हात आधी दुखले, मग जळले, मग कळेनासे झाले. मी त्याच्यासाठी वाजवतेय की नाही, हे ठरवायला मला वेळ नव्हता. तीनदा म्हणायचे आणि ओढायचे. पायऱ्यांवरचे लोक माझ्याबरोबर म्हणू लागले, आधी बायका, मग पुरुष. स्तेपानिदा डोळे मिटून भिंतीला टेकली होती. रेडिओ तिने कानाशी धरला होता, आणि त्यातून काहीच येत नव्हते.

मोटारीचा आवाज आलाच नाही. धक्क्याकडून आरोळी आली, "वल्ही! वल्ही मारत आलेत!"

बाहेर कुणीतरी मोठ्याने रडले. स्तेपानिदाने क्रूसाची खूण केली आणि लगेच म्हणाली, "बघितलंस? मोटारीपेक्षा म्हाताराच बरा निघाला."

फादर आधी आला. गुडघ्यांपर्यंत भिजलेला, ओठ निळे. "लुक्यान होडी बांधतोय," तो म्हणाला, आणि कपडे बदलायला आत गेला.

स्तेपानिदाची नजर भिंतीवरच्या आकड्याकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली. मागचे दार अर्धवट उघडे होते. आई याच वेळी दोर बांधायची.

मी टोला दिला. तीनदा म्हटले. पुन्हा टोला दिला.

मामाचे बूट पायऱ्यांवर वाजले. लोक बाजूला झाले असावेत. तो उंबरठ्यावर येऊन थांबला, टोपी हातात. थकलेला, वाटत होता त्यापेक्षा खूप लहान दिसणारा माणूस. दोर धरून कुणी त्याची वाट बघत थांबण्याची त्याला सवय नसावी.

"बांध की आता," तो म्हणाला. "आलो आम्ही."

"घ्या."

"काय घेऊ?"

"दोर. शेवटी तुम्ही आलात ना?"

त्याने आकड्याकडे पाहिले. "ती बांधून ठेवायची."

"मला माहीत आहे."

तो आत आला. त्याच्या अंगाला पेट्रोलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता. त्याने पट्टीच्या वर दोर धरला. मी हात सोडायला गेले आणि ते सुटेनात. बोटे ओल्या पट्टीभोवती वळून तशीच राहिली होती. मी बघत होते, ती माझी आहेत हे दिसत होते, पण ऐकत नव्हती.

"सुटत नाहीयेत," मी म्हटले.

"नाहीच सुटत." त्याने टोपी खाली टाकली आणि करंगळीपासून सुरुवात केली. एक बोट उचलायचे, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, दोन तळव्यांत धरून चोळायचे, मग दुसरे. उचलताना त्याच्या कोपराला हिसका बसत होता. मी त्या हिसक्याकडे पाहिले आणि मग मेणबत्त्यांच्या घडवंचीकडे पाहिले.

"तिची तर रक्तानं चिकटली होती," तो म्हणाला. "पट्टी नव्हती तेव्हा."

"मामा."

"लुका, सोडव मला, म्हणाली. एवढंच म्हणाली." तो अंगठ्यावर आला होता. "दुसऱ्या कुणी नाही ऐकलं ते."

"मग बोलायची का नाही तुझ्याशी?"

"मी ऐकलं होतं ना," तो म्हणाला.

शेवटचे बोट सुटले. त्याने दोर स्थिर धरला, वरची घंटा हलकेच हलून थांबेपर्यंत. बाहेर कुणी हलले नाही. धुक्यातून खाली धक्क्यावर आपटणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग फादर बाहेर आला, मेणबत्त्या वाटल्या गेल्या आणि आईची प्रार्थना झाली. माझ्या हातात मेणबत्ती राहीना, म्हणून मामाने दोन धरल्या.

घरी आले तेव्हा धुके वर चढून डोंगराला लागले होते आणि उन्हे अजून होती. बादलीतल्या माशांवरचे गवत सुकले होते. मी मासे कापले, मीठ लावून ठेवले. बादली राखेने घासली, दोन पाण्यांनी धुतली आणि पायरीवर पालथी घालायला वाकले. कारखान्यापलीकडे मामाच्या बान्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. फादरसाठी पाणी तापवत असणार.

स्तेपानिदाने पिरोकचा उरलेला तुकडा बांधून दिला होता. तो मी बादलीत ठेवला. कडी बोटांत धरवेना. ती कोपरात अडकवली आणि कारखान्याच्या मागच्या वाटेने चालू लागले.