मागे न जाणारी गाडी

ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा बेलगासेमच्या हातात रव्याच्या कुसकुसचा घास होता. घास निदान ताटात परत ठेवता आला असता.

शेजारच्या हेदीच्या मुलीचं लग्न होतं. एका मोठ्या ताटाभोवती सात-आठ पुरुष गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, आणि बेलगासेमच्या बरोबर समोर त्याचा सासरा, हाज दाऊ. हाज वाळूच्या टेकड्यांपलीकडे उंट आणि शेळ्या घेऊन राहायचा. वाळवंटाच्या कडेला असलेल्या दूझ गावात यायचा तो लग्नाला नाहीतर मयताला. बेलगासेम आपल्या मोटरसायकल दुरुस्तीच्या दुकानात वाळूत चालणारी गाडी बनवतोय, पाण्याच्या लोखंडी पाइपांची चौकट, तिला मोटरसायकलचं इंजिन आणि दोन माणसांपुरती जागा, असं कुणीतरी कौतुकाने सांगितलं.

हाजने मटणाचा एक चांगला तुकडा तोडून जावयाच्या पुढ्यात सरकवला. "गाढवाची हाडं आणि कोंबड्याचं काळीज," तो म्हणाला. "जावईबापू, ती गाडी तुमच्या दुकानाचा उंबरा ओलांडेल तेव्हा मला बोलवा. मी उंट कापीन."

सगळे हसले. बेलगासेम हसला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण तो म्हणाला, "हाज, यंदा मबरूकाला तुमच्या तंबूत आणीन ती याच गाडीतून. दुसऱ्या कशावरही बसवून आणलं, तर ती मला हराम."

ताटाभोवतीचे हात थांबले.

तसं बघायला गेलं तर हरामची शपथ त्या भागात मिरच्यांच्या भावावरूनही घेतली जाते. घेणाराही विसरतो, ऐकणाराही. पण बायकोचं नाव घेऊन, तिच्या बापासमोर, सात-आठ साक्षीदारांच्या देखत घेतलेली शपथ मोडली तर बायको परकी होते. शहरातला वकील म्हणेल की कायद्यात या शब्दाला काही किंमत नाही. पण वकील काही दूझच्या बाजारात राहत नव्हता.

घरी मबरूकाला बातमी त्याच्याआधी पोचली होती.

"शपथ घ्यायची होती तर स्वतःच्या दाढीची घ्यायची. माझं नाव कशाला जिभेवर आणलंस?"

"चार दिवसांत गाडी तयार होईल."

"चार दिवस तू गेल्या हिवाळ्यापासून सांगतोयस."

तिचा राग गाडीवर नव्हता. दर वसंतात ती आईकडे जायची आणि दोघी मिळून तंबूचा एक नवा पट्टा विणायच्या, शेळीच्या केसांचा, काळा आणि लांबलचक. मागासमोर दोघींनी बसायचं, ताण्यातून धागा एकीने सोडायचा, दुसरीने घ्यायचा. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकला होता आणि दुसराही धूसर व्हायला लागला होता. पुढच्या वसंतात तिला ताण्याचे धागे दिसतील याची कुणालाच खात्री नव्हती. हेदीची जीप दारातच उभी होती. हेदी सकाळी निघून दुपारच्या आत मबरूकाला आईकडे सोडून आला असता. आता त्या जीपकडे नुसतं बघायचं.

बेलगासेम कामाला भिडला. चौकट जोडली तर एका बाजूने दोन बोटं उंच झाली. ती कापून पुन्हा जोडली तर दुसरी बाजू उचलली. बसायच्या जागा भंगारातल्या गाडीच्या काढल्या. इंजिन होतं एका परदेशी पाहुण्याच्या मोडक्या मोटरसायकलचं. ते इंजिन तेवढं झकास होतं. पण ते बसवायचं कसं यावर त्याची अक्कल थकली. सरळ बसवलं तर धुराचा नळ नेमका बसणाऱ्याच्या पाठीला लागत होता. शेवटी त्याला युक्ती सुचली: इंजिन उलटं फिरवून बसवायचं. नळ मागे जाईल, पाठ वाचेल. त्याने इंजिन फिरवलं, साखळी चढवली, गाडी विटांवर ठेवून चालू केली. मागची चाकं गरगर फिरली. इतक्या दिवसांनी काहीतरी फिरलेलं बघून त्याचे डोळे भरून आले आणि ती कुठल्या दिशेने फिरतायत हे बघायचं राहून गेलं.

शुक्रवारच्या नमाजानंतर गल्ली गोळा झाली. मबरूका दाराच्या फटीतून बघत होती. बेलगासेमने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी झपकन मागे जाऊन हेदीच्या कडब्याच्या ढिगात घुसली.

त्याने दुसरा टाकून पाहिला. गाडी कडब्यात आणखी आत गेली.

"भाऊ," हेदी चहाचा पेला हातात धरून शांतपणे म्हणाला, "सासऱ्यापासून पळायला पाच गिअर केलेस, हे उत्तम. सासऱ्याकडे जायला एखादा ठेवलास का?"

गल्ली हसून लोळली. बेलगासेम कडब्यातून उठला, दुकानात गेला आणि शटर खाली ओढलं.

मग सगळं पुन्हा. इंजिन सुलटं, त्याचे आधार नवे, चौकट मागे वाढवलेली, धुराचा नळ वाकवून बाजूला काढलेला. साखळीला त्याने सवयीने तेल पाजलं. तेलाला वाळू चिकटली आणि साखळीने चक्राचे दात खाल्ले. दुसरी साखळी आणली, ती कोरडी ठेवली. त्याच्या नखांत काळं इतकं बसलं की जेवताना मबरूका त्याच्या हाताकडे बघायची नाही. मधेच एकदा हाज दाऊचा फोन आला. फोन लागावा म्हणून तो टेकडीवर चढला असणार, वाऱ्याचा आवाज येत होता. "तिच्या आईने ताणा लावून ठेवलाय," तो एवढंच म्हणाला. उंटाबद्दल, कोंबड्याबद्दल काही बोलला नाही. ते बेलगासेमला जास्त लागलं.

अखेर गाडी पुढे गेली. गावाबाहेर, खजुराच्या बागांपर्यंत आणि परत. दुसऱ्या दिवशी सकाळी मबरूका पदर डोक्याभोवती घट्ट गुंडाळून, विणकामाची लोखंडी फणी मांडीवर घेऊन शेजारी बसली. आवाज इतका होता की भांडताही येत नव्हतं, त्यामुळे प्रवास बरा चालला. पहिल्या टेकड्या गाडीने अशा चढल्या की बेलगासेमला गाणं म्हणावंसं वाटलं.

दुपारी, हाजच्या तंबूंच्या आधीची शेवटची उंच टेकडी राहिली असताना, तो वाळूच्या एका कड्यावरून जरा जास्त जोरात उतरला आणि गाडीने खालच्या खोलगट भागात नाक खुपसलं. समोर वाळूची भिंत. गॅस दिला तर मागची चाकं खाली गेली. मागे घ्यायला हवी होती, आणि मोटरसायकलच्या इंजिनाला मागचा गिअर नसतो.

मबरूकाने त्याच्याकडे पाहिलं. "पाच होते ना?"

"ते वेगळं होतं."

"त्यातला एक ठेवून घ्यायचास, माणसा."

त्याने फावडं काढलं. खणलं, चाकांखाली पोती घातली, मबरूका खाली उतरून ढकलायला लागली. गाडी हातभर हलली आणि वरून वाळू ओघळून तेवढीच परत बसली. असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी मबरूका थांबली, तिने चपला काढल्या, फणी कमरेला खोचली.

"कुठे निघालीस?"

"आईकडे. टेकडीपलीकडेच तंबू आहेत. धूर दिसतोय तुला? मला दिसतोय."

"आणि शपथ?"

"काय म्हणाला होतास, नीट सांग."

त्याने सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. दुसऱ्या कशावरही बसवून आणलं, तर.

"मी कशावर बसलेय का? पाय आहेत माझे. आणि तू मला आणलंच नाहीस, बेलगासेम. मी आले." ती चढायला लागली. वाळूत जन्मलेली बाई, तिरकी तिरकी चढली, एकदाही थांबली नाही.

"मग मी पण येतो, थांब!"

"तुझी गाडी आहे ना. तू गाडीतून ये."

ती टेकडीच्या माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने पलीकडून बायकांनी जीभ हलवून काढलेल्या आनंदाच्या किलकाऱ्या ऐकू आल्या, मग शेळ्यांचा गलका, मग काहीच नाही. बेलगासेम खणत राहिला. आता कशासाठी खणतोय हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जिच्यासाठी गाडी बांधली ती पोचली होती. गाडी पोचली नव्हती.

सावल्या लांबल्यावर हाज दाऊ एकटाच उतरून आला. उंट नाही, दोर नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, चौकटीचा एक सांधा अंगठ्याने दाबून पाहिला.

"पोरगी कशावर बसून आली, म्हणून मी आधी तिलाच विचारलं," तो म्हणाला. "पायांवर म्हणाली. मी तिच्या टाचा बघितल्या. खरं होतं. हायसं वाटलं मला."

"बोला, हाज. काय बोलायचं ते बोलून घ्या."

"बोलायला वेळ कुणाला आहे? तिकडे दोघी मागावर बसल्यात. तिची आई म्हणते धागे स्पष्ट दिसतायत. मबरूका म्हणते दोन चुकलेत. दोघी भांडतायत, माझा चहा कुणी ठेवत नाही."

बेलगासेम फावड्याला टेकून उभा राहिला. "एकदा बाहेर काढू द्या. तुम्ही जरा मागून ढकला."

हाजने खरंच पागोटं सोडून बाजूला ठेवलं आणि ढकललं. इंजिन मोठ्याने गर्जलं. मागची चाकं आसापर्यंत आत गेली आणि म्हाताऱ्याच्या दाढीत वाळू भरली. त्याने तोंड पुसलं, पागोटं पुन्हा बांधलं.

"चल," तो म्हणाला. "जेवून घे. सकाळी बघू."

बेलगासेमने सवयीने किल्ली काढून खिशात टाकली. मग इथून ही गाडी कोण पळवणार हे ध्यानात येऊन त्याला स्वतःचाच संताप आला. तरी किल्ली खिशातच ठेवून तो सासऱ्यामागून टेकडी चढायला लागला. हाज तिरका चालत होता. बेलगासेम सरळ चढत होता, आणि प्रत्येक पाऊल अर्धं खाली येत होतं.